एकट्याचा डाव, दोन ताफे आणि एक बंद पाकीट

(या भागाचं शब्दांकन. बोलताना अडखळलो ते आणि मधला कुकरच्या शिट्ट्यांचा आवाज गाळलाय. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

मागच्या भागात मी सहज बोलून गेलो की शिडाच्या जहाजांचे वॉरगेम्स मी बहुतेक वेळा एकटाच खेळतो. त्यावर जेवढे मेसेज आले तेवढे आख्ख्या सीझनमध्ये आले नव्हते. निम्म्या लोकांचा प्रश्न होता, "कसं खेळतोस?" उरलेल्या निम्म्यांचा सूर साधारण असा, की "अरे, दोन्ही बाजूंनी तूच खेळणार, म्हणजे कोण काय करणार हे तुला माहीतच आहे. मग ही फसवणूक नाही का?" आमच्या घरात हाच प्रश्न आई जास्त थोडक्यात विचारते. जेवायची ताटं घेऊन टेबलापाशी येते आणि म्हणते, "जिंकलास का हरलास ते सांग आणि टेबल मोकळं कर."

तर आजचा भाग त्या दुसऱ्या प्रश्नावर. पहिल्याचं उत्तर जाता जाता मिळेलच.

नवीन ऐकणाऱ्यांसाठी पटकन सांगतो. आपण बोलतोय ते साधारण १७४० ते १८१५ या काळातल्या आरमारी लढायांबद्दल. टेबलावर निळं कापड, त्यावर छोटी जहाजं. लोकप्रिय स्केल म्हणजे एकास बाराशे. त्यात ७४ तोफांचं जहाज साडेचार सेंटिमीटरच्या आसपास येतं, म्हणजे पेनाच्या टोपणाएवढं. फासे, मोजपट्टी, प्रत्येक जहाजाचा एक कागद (किती तोफा, किती माणसं, किती शिडं शाबूत) आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारा एक बाण. नियमांची पुस्तकं भरपूर आहेत. 'वुडन शिप्स अँड आयर्न मेन' सत्तरच्या दशकातलं, 'सेल्स ऑफ ग्लोरी' आणि 'ब्लॅक सीज' अलीकडची. कुठलंही घ्या, वाऱ्याचा बाण असतोच.

आणि एकट्याने खेळणं हे काही माझं खूळ नाही. डोनाल्ड फेदरस्टोन या इंग्रज लेखकाने १९७३ मध्येच एकट्याच्या वॉरगेमिंगवर आख्खं पुस्तक लिहिलं होतं. त्याच्याही मागे जायचं तर माझा आवडता माणूस म्हणजे जॉन क्लार्क ऑफ एल्डिन. एडिंबराजवळचा हा गृहस्थ १७२८ चा जन्म, व्यापारात पैसा केलेला, आरमारात एक दिवस नोकरी केलेली नाही. त्याने घरी बसून जहाजांच्या छोट्या प्रतिकृती टेबलावर मांडल्या, पुढे-मागे सरकवल्या आणि १७८२ मध्ये आरमारी डावपेचांवर निबंध छापला. ब्रिटिश आरमारातल्या लोकांनी तो वाचला. त्याच वर्षीच्या 'सेंट्स'च्या लढाईत शत्रूची रांग फोडण्याची कल्पना आपलीच, असा दावाही पुढे झाला आणि त्यावर बरीच वर्षं भांडणं चालली. ते श्रेय त्याचं होतं की नाही, यात मला फार रस नाही. मला मजा वाटते ती ही, की टेबलावर जहाजं मांडली की वाद न होता विचार करता येतो, असं त्याचं म्हणणं होतं. बरोबरच आहे, समोर वाद घालायला कोणी नव्हतंच!

आता मूळ मुद्दा. एकट्याने बुद्धिबळ खेळून बघा, दहा चालींत कंटाळाल. एकट्याने पत्ते खेळून बघा, पेशन्स सोडून काही जमणार नाही. मग शिडाची जहाजं का जमतात?

एक कारण वारा. चौकोनी शिडांचं मोठं जहाज वाऱ्याच्या तोंडावर जाऊच शकत नाही. वारा जिथून येतो तिथपासून दोन्ही बाजूंना साधारण ६७ अंश सोडायचे, त्याच्या आत नाळ आणता येत नाही. म्हणजे वर्तुळाचा एक तृतीयांशाहून मोठा तुकडा तुमच्यासाठी बंद. वळायचं तर दोन वाटा. वाऱ्यातून नाळ फिरवायची, ज्यात मध्येच अडकून जहाज ठप्प व्हायची भीती. किंवा वाऱ्याकडे पाठ करून मोठा फेरा मारायचा, ज्यात अडकत नाही पण कमावलेली जागा जाते. थोडक्यात, एकदा ठरवलं की बदलायला वेळ लागतो. ट्रफाल्गरला, २१ ऑक्टोबर १८०५ ला, पहाटे दोन्ही ताफे एकमेकांना दिसले आणि पहिली तोफ उडाली दुपारी बाराच्या सुमारास. सहा तास सगळे एकमेकांकडे बघतायत आणि कोणी फार काही करू शकत नाहीये.

सोलो खेळणाऱ्याला हे वरदान आहे. रणगाड्यांच्या गेममध्ये शत्रू टेकडीमागे लपलेला असतो आणि तो कुठे आहे हे मला माहीत असतं, तिथे गेम मेला. समुद्रावर टेकडी नाही. सगळ्यांना सगळे दिसतात. कोण कुठे आहे हे लपलेलं नसतंच. लपलेलं असतं ते वेगळंच. तो कोण आहे? त्याचा बेत काय? त्याने माझा इशारा वाचला का?

म्हणजे सोलो गेमचा प्रश्न असा उरतो: मला जे माहीत आहे ते माझ्या कॅप्टनला माहीत नसलेलं कसं ठेवायचं? आपल्यातले जे कोड लिहितात त्यांना लगेच कळेल. फंक्शनला जेवढे पॅरामीटर दिले तेवढेच त्याला दिसले पाहिजेत. ग्लोबल व्हेरिएबल वाचायला लागलं की वाट लागते. सोलो गेममध्ये ते ग्लोबल व्हेरिएबल म्हणजे मी स्वतः.

नेहमीचे उपाय पटकन सांगतो. सगळ्यांत सोपा म्हणजे शत्रूच्या जहाजांचे हुकूम आधीच्या फेरीत लिहून टाकायचे आणि मग बदलायचे नाहीत. दुसरा, शत्रूसाठी तक्ता बनवायचा. वारा त्याच्या बाजूला आहे का, अंतर किती, नुकसान किती, यावरून फासा टाकायचा आणि येईल ते निमूट करायचं. दोन्ही चालतात. पण तक्ता आठवडाभरात पाठ होतो आणि मग तुम्ही शत्रूशी नाही, तक्त्याशी खेळायला लागता.

त्याहून चांगला उपाय म्हणजे इशाऱ्यांचा घोळ. अॅडमिरलने निशाण चढवलं की मागच्या प्रत्येक जहाजासाठी फासा टाकायचा. दिसलं का? धुरात नीट वाचलं का? हे काही गेमसाठी घुसडलेलं नाही. ५ सप्टेंबर १७८१ ला अमेरिकेत चेसापीकच्या उपसागराच्या तोंडाशी ब्रिटिश अॅडमिरल ग्रेव्हजने 'जवळ जाऊन लढा' हा इशारा दिला, पण 'रांग धरा' हे निशाणही फडकत राहिलं. मागच्या फळीवर हूड होता. त्याने रांग धरली. त्याची जहाजं लढाईत जवळजवळ उतरलीच नाहीत. फ्रेंच आरमाराने उपसागर राखला आणि यॉर्कटाउनमधल्या कॉर्नवॉलिसच्या सैन्याची समुद्राकडची वाट बंद झाली. हूडने मुद्दाम केलं की खरंच गोंधळ झाला, यावर आजही वाद घालता येतो. टेबलावर मात्र एक फासा पुरतो, आणि तो फासा पडला की तुमचं स्वतःचं आरमारच तुमचं ऐकेनासं होतं. एकट्याला दुसरा खेळाडू मिळाला!

पण हेही सगळं बेताबद्दल झालं. "समोरचा कोण आहे" हे स्वतःपासून कसं लपवायचं? यावर मी बराच काळ डोकं लावलं, आणि ते एका खास लढाईमुळे. आजचा खरा विषय तोच.

पुलो ऑरा. आजच्या मलेशियात, जोहोरच्या पूर्व किनाऱ्यासमोर हे छोटं बेट आहे. तारीख १४ आणि १५ फेब्रुवारी १८०४. ईस्ट इंडिया कंपनीचा चीनचा ताफा कँटनहून चहा-रेशीम घेऊन निघालाय. कंपनीची १६ मोठी जहाजं, बरोबर डझनभर इतर व्यापारी जहाजं. मालाची किंमत ८० लाख पौंडांच्या आसपास धरली जाते. आणि संरक्षणाला आरमाराचं एकही लढाऊ जहाज नाही. ताफ्याचा कमोडोर नथॅनिएल डान्स, कंपनीचा जुना कॅप्टन.

समोर फ्रेंच रिअर अॅडमिरल लिन्वा. ७४ तोफांचं 'मारेंगो', 'बेल पूल' आणि 'सेमियांत' ही दोन फ्रिगेट्स, एक कॉर्व्हेट आणि एक डच ब्रिग. हा ताफा पकडायलाच तो तिथे येऊन थांबला होता.

कागदावर ही लढाई नाहीच, शिकार आहे. कंपनीच्या जहाजांवर तीस-छत्तीस तोफा असायच्या खऱ्या, पण हलक्या, आणि त्या चालवायला माणसं शे-दीडशे. 'मारेंगो'च्या खालच्या मजल्यावर ३६ पौंडी तोफा आणि वर सहा-सातशे माणसं. (फ्रेंच पौंड इंग्रजी पौंडापेक्षा जड, त्यामुळे हा ३६ पौंडी गोळा इंग्रजी हिशोबाने ३९ च्या आसपास जातो. नियमांची काही पुस्तकं हे विसरतात. माझी जुनी तक्रार आहे, असो.) पण लांबून बघितलं तर कंपनीचं मोठं जहाज आणि दोन मजली लढाऊ जहाज सारखंच दिसायचं. रंगही तसाच दिलेला असायचा.

१४ तारखेला शिडं दिसली तेव्हा डान्सने काय केलं? पळाला नाही. चार जहाजं पुढे पाठवून कोण आहे ते बघून घेतलं. मग मोठ्या जहाजांची लढाईची रांग केली. आघाडीच्या काही जहाजांवर आरमाराचं निळं निशाण चढवलं. संध्याकाळ झाली, लिन्वा आला नाही. डान्स रात्रभर रांगेतच थांबला. सकाळी फ्रेंच वाऱ्याच्या वरच्या अंगाला, तीन मैलांवर उभे. वारा त्यांचा, म्हणजे कधी लढायचं ते त्यांनी ठरवायचं. तरी ते येईनात. डान्सने परत आपला रस्ता धरला. दुपारी एकच्या सुमारास लिन्वा शेवटी हलला, ताफ्याची शेपटी तोडायला. आणि डान्सने इशारा दिला: एकामागून एक वळा आणि शत्रूवर चालून जा. व्यापारी जहाजं! 'रॉयल जॉर्ज' सगळ्यांत पुढे, मग 'गँजेस', मग डान्सचं स्वतःचं 'अर्ल कॅमडेन'. पाऊण तासाच्या आसपास तोफा चालल्या. 'रॉयल जॉर्ज'वर एक मेला, एक जखमी. आणि लिन्वा फिरला, निघून गेला. यावर कडी म्हणजे डान्सने त्याचा दोन तास पाठलाग केला. चहाच्या पेट्या भरलेली जहाजं युद्धनौकेच्या मागे!

डान्सच्या जहाजावर निशाणांचं काम बघायला एक सतरा वर्षांचा पोरगा होता, जॉन फ्रँकलिन. हो, तोच, जो पुढे आर्क्टिकच्या बर्फात हरवला. 'अर्ल ऑफ अबरगव्हेनी'चा कॅप्टन म्हणजे कवी वर्डस्वर्थचा भाऊ. पुढच्याच वर्षी ते जहाज बुडालं आणि त्यात तो गेला. आणि आपल्यासाठी गंमत म्हणजे त्या ताफ्यातल्या इतर जहाजांची नावं वाचा: 'जहांगीर', 'अर्दासीर', 'शॉ किसनदास'. मुंबई-सुरतेच्या पेढीवरची वही उघडल्यासारखं वाटतं. अशा देशी व्यापाराच्या जहाजांवर खलाशी बहुतेक आपल्याकडचे लष्करी, म्हणजे इंग्रज ज्यांना 'लास्कर' म्हणायचे ते. डान्सला सर ही पदवी मिळाली, आणि बॉम्बे इन्शुरन्स कंपनीने त्याला ५००० पौंड दिले. बरोबर आहे, ताफा गेला असता तर भरपाई कोणाच्या खिशातून जाणार होती?

आणि लिन्वा? नेपोलियन भडकला. धीर नसलेला अॅडमिरल हा शिक्का त्याच्यावर बसला तो बसलाच. पण हाच लिन्वा १८०१ च्या जुलैमध्ये अल्जेसिरासला आपल्याहून मोठ्या ब्रिटिश ताफ्यासमोर टिकला होता आणि 'हॅनिबल' हे त्यांचं ७४ तोफांचं जहाज त्याने पकडलं होतं. हा भित्रा माणूस नव्हे.

आता टेबलावर या. मी लिन्वा घेतला तर मला माहीत आहे की समोर चहा आहे. दहाच्या दहा वेळा मी हल्ला करणार आणि दहाच्या दहा वेळा म्हणणार, किती मूर्ख होता हा माणूस. हा गेम नाही. ही दोनशे वर्षांनी बसून केलेली चहाडी आहे.

इथे एक आडवळण घेतो, सहन करा. मी ज्या कंपनीत आहे ती कुठली ते सोडा, कुठलीही असेल. आमच्यातल्या एका पोराची रात्रपाळी होती. रात्री दोनला अलार्म वाजला. त्याला स्क्रीनवर जे दिसलं त्यावरून त्याने नवीन रिलीज मागे घेतलं. सकाळी कळलं की अलार्मच खोटा होता. मग मीटिंग. बारा माणसं, सगळ्यांची झोप झालेली, आणि प्रत्येकाचा एकच प्रश्न, "ते दुसरं डॅशबोर्ड का नाही बघितलंस?" ते डॅशबोर्ड रात्री दोनला अपडेटच झालं नव्हतं. त्यातला आकडा सकाळी सातला आला. हे त्याने दोनदा सांगितलं. कोणी ऐकलं नाही. त्याच्या त्या वर्षीच्या रिव्ह्यूमध्ये "निर्णयक्षमता सुधारण्याची गरज" हे वाक्य गेलं. मी त्या खोलीत बसलो होतो आणि माझ्या डोक्यात लिन्वा आला. घरी येऊन मी पाकिटं बनवली.

तर ऐका, हा आजचा जुगाड. तीन सारखी पाकिटं घ्या. एका पाकिटात 'खरा पहारा': ताफ्यात तीन खरी लढाऊ जहाजं आहेत, कुठली ते लिहिलेला कागद. उरलेल्या दोन पाकिटांत 'फक्त चहा'. शिवाय प्रत्येक पाकिटात सहा चिठ्ठ्या. पहाऱ्याच्या पाकिटात पाच चिठ्ठ्यांवर 'ठाम' आणि एकीवर 'पांगा'. चहाच्या पाकिटांत दोन 'ठाम', चार 'पांगा'. कारण साधं आहे. व्यापारी जहाजं बहुतेकदा घाबरून पांगतात, लढाऊ जहाजं बहुतेकदा उभी राहतात. कागद जाड पुठ्ठ्यात बंद करा, म्हणजे चिठ्ठी काढताना दिसणार नाही. तिन्ही पाकिटं पिसा, एक ठेवा, दोन कपाटात टाका. आता ताफा कसला आहे हे मलाही माहीत नाही. घरात कोणालाच माहीत नाही.

तीन वेळा चिठ्ठी काढायची. १४ तारखेच्या संध्याकाळी, १५ च्या सकाळी, आणि दुपारी मी चालून गेल्यावर. काढलेली चिठ्ठी परत आत टाकायची. 'पांगा' आलं तर रांग मोडते, गेम पाठलागाचा होतो. 'ठाम' आलं तर रांग टिकते, आणि तिसऱ्या वेळी 'ठाम' आलं तर ती रांग माझ्यावर चालून येते. मी कुठल्याही क्षणी माघार घेऊ शकतो. पहिली ब्रॉडसाइड झाली की पाकीट फोडायचं, कारण गोळ्याच्या वजनावरून समोर काय आहे ते कळतंच.

आता गणित बघा, सोपं आहे. सुरुवातीला पहाऱ्याची शक्यता तीनात एक. एकदा 'ठाम' आलं की नवात पाच, म्हणजे निम्म्याच्या वर. दुसऱ्यांदा 'ठाम' आलं की तेहतीसमध्ये पंचवीस, म्हणजे पाऊण. तिसऱ्यांदा आलं तर नव्वद टक्क्यांच्या अगदी जवळ. डान्सने नेमकं हेच केलं. तीनदा ठाम राहिला. प्रत्येक वेळी लिन्वाचं पारडं तो हलवत गेला. आणि लिन्वाच्या मागे काय होतं? त्याचा खरा तळ म्हणजे मॉरिशस, पाच हजार किलोमीटरहून लांब. एक मुख्य डोलकाठी गेली तर नवी मिळायची मारामार. जिंकलं तर ८० लाख, हरलं तर हिंदी महासागरातलं फ्रान्सचं एकमेव मोठं लढाऊ जहाज गेलं.

चिठ्ठ्यांचं प्रमाण मी ठरवलंय, तुम्हाला पटत नसेल तर बदला. आणि हो, मला माहीत आहे की तीन चिठ्ठ्या स्वतंत्र धरणं बरोबर नाही. एकच डान्स तिन्ही वेळा ठरवतोय, आणि जो एकदा ठाम राहिला तो पुन्हा राहण्याची शक्यता जास्त. याची दुरुस्ती करता येते, पण मग पाकिटात चिठ्ठ्यांऐवजी एक्सेलची शीट घालावी लागेल.

हा डाव मी बऱ्याच वेळा खेळलोय. पहिल्यांदा संध्याकाळी 'पांगा' आलं, अंधार पडायच्या आत दोन जहाजं पकडली, मजा आली. एकदा पहिल्या 'ठाम'वर मी तडक घुसलो, पाकीट फोडलं, पहारा! 'मारेंगो'ची पुढची डोलकाठी चौथ्या फेरीत गेली, वाऱ्यात वळता येईना, उरलेला डाव मी फक्त तिला कसं सोडवायचं एवढाच विचार करत होतो. त्या दिवशी टेबलावर जेवण उशिरा लागलं.

पण लक्षात राहिलेला डाव तिसराच. संध्याकाळी 'ठाम'. रात्री हल्ला करायचा की नाही? अंधारात निशाणं वाचता येत नाहीत, माझीच फ्रिगेट्स माझ्यावर गोळीबार करायची. थांबलो. सकाळी 'ठाम'. मी वाऱ्याच्या वर, निर्णय माझा, आणि मी सोंगट्यांकडे बघत वीस मिनिटं बसून होतो. वीस मिनिटं! पुठ्ठ्याच्या जहाजांसाठी. शेवटी शेपटीकडे निघालो. तिसरी चिठ्ठी. 'ठाम'. सोळा सोंगट्या माझ्याकडे वळल्या. तोफा टप्प्यात यायच्या आधीच मी 'मारेंगो' फिरवलं. मग पाकीट फोडलं. चहा.

आणि तेव्हा मला हसू नाही आलं. मला राग आला, नेपोलियनचा.

पण इथे थांबलो तर लिन्वाचं वकीलपत्र घेतल्यासारखं होईल, आणि ते मला घ्यायचं नाही. कारण गेमने एक दुसरी गोष्टही दाखवली. माझ्या नियमात पहिल्या ब्रॉडसाइडला पाकीट फुटतं. मी तर तोफा उडायच्या आधीच पळालो होतो. लिन्वा पळाला नाही. तो पाऊण तास लढला. म्हणजे त्याचं पाकीट फुटलं होतं! समोरून येणारे गोळे हलके आहेत, मारा विरळ आहे, आपल्या एकाही माणसाला काही झालेलं नाही, हे त्याच्या डेकवर दिसत होतं. धूर होता, मान्य. मागून आणखी जहाजं येत होती, मान्य. पण रात्री जे माहीत नव्हतं ते दुपारी पावणेदोनला माहीत व्हायला हवं होतं. त्याचा १४ तारखेचा निर्णय मी कोणाहीसमोर लढवीन. १५ ची सकाळही लढवीन, थोडं कमी जोरात. त्याने एखादं फ्रिगेट पुढे काढून लांबून चाचपायला हवं होतं, वारा त्याचाच होता. पण शेवटचा पाऊण तास मला लढवता येत नाही. तीनदा 'ठाम' ऐकून त्याचं मत इतकं पक्कं झालं असणार की समोरचा पुरावा त्याला दिसेना.

याचा अर्थ त्याच्या बाजूचे आणि विरुद्धचे दोघेही चुकीच्या क्षणाबद्दल भांडतात. "हल्ला का नाही केला" हा प्रश्नच नाही. "हल्ला केल्यावर काय बघितलं" हा आहे. हे मला पुस्तक वाचून दिसलं नव्हतं. पाकीट कधी फोडायचं हा नियम लिहिताना दिसलं.

मग फसवणुकीचं काय? माझं उत्तर: समोर माणूस असला की फसवणूक पकडायला तो असतो, म्हणून मी कधी विचारच करत नाही की मला काय माहीत असायला हवं. एकटा असलो की तो हिशोब मलाच लिहावा लागतो, आधी, कागदावर. दोन माणसांच्या गेममध्ये मी जास्त हसतो, हे खरं आहे. मित्र बंगळुरूहून आला की आम्ही रात्रभर खेळतो आणि मला तेच जास्त आवडतं. पण लिन्वाच्या डेकवर मी एकटा असतानाच उभा राहिलोय.

आता कामाचं. बऱ्याच जणांनी खर्च विचारलाय. धातूची छोटी जहाजं बाहेरून मागवायची तर शिपिंग आणि कस्टम मिळून जहाजापेक्षा महाग पडतं, सुरुवातीला त्या वाटेला जाऊ नका. पुठ्ठ्याचे तुकडे कापा, साडेचार सेंटिमीटर लांब, पुढचं टोक निमुळतं, वर काड्यापेटीच्या काड्यांच्या डोलकाठ्या. कोणाकडे थ्री-डी प्रिंटर असेल तर सोन्याहून पिवळं. पुलो ऑरासाठी सगळी जहाजं मांडू नका, वेडे व्हाल. फ्रेंचांची तीन आणि डान्सची सहा घ्या. सहाच असतील तर पहाऱ्याच्या पाकिटात तीनऐवजी एकच खरं लढाऊ जहाज ठेवा.

एकट्याने खेळायचा मोठा फायदा म्हणजे डाव चार दिवस चालला तरी कोणाची ना नाही. म्हणजे, टेबल ज्यांचं आहे त्यांची सोडून. मी एका जुन्या कपाटाच्या फळीवर कापड चिकटवलंय. जेवणाची वेळ झाली की आख्खा समुद्र उचलून पलंगाखाली. त्याआधी मोबाईलवर एक फोटो, आणि वाऱ्याचा बाण कुठे होता ते वहीत. बाण सगळ्यांत आधी हरवतो.

पाकिटांच्या चिठ्ठ्यांचा नमुना या पानावर खाली टाकतोय, प्रिंट काढून कापा. तुम्ही लिन्वा होऊन खेळलात तर मला एवढंच कळवा: कितव्या चिठ्ठीला फिरलात, आणि पाकिटात काय निघालं. पाकीट फोडायच्या आधी लिहून ठेवा हं, नंतर नाही.

पुढच्या भागात सुकाणू सरळ मुंबईच्या गोदीकडे. १८१७ मध्ये वाडियांच्या हाताखाली सागवानात बांधलेलं 'त्रिंकोमाली' इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही तरंगतंय, त्याबद्दल बोलू. तोवर, आई हाक मारतेय. फळी उचलतो.